‘अनसेट’ने नेमके काय पुसले: बॅश स्क्रिप्टमधील एका चुकीचा प्रकरण अभ्यास

एके दिवशी सकाळी, आमच्या सर्व्हरकडे फायली पाठवणाऱ्या सगळ्या मशीनांच्या लॉगमध्ये एकच त्रुटी नोंदवलेली आढळली: फायली जिथे ठेवायच्या, ती डिरेक्टरीच सर्व्हरवर नव्हती. डिस्क भरलेली नव्हती, परवानग्या बदललेल्या नव्हत्या, सर्व्हर मध्येच बंदही पडलेला नव्हता. आदल्या रात्रीपर्यंत जागेवर असलेली डिरेक्टरी तिच्यातील सर्व फायलींसह नाहीशी झाली होती. रात्रीच्या वेळी त्या ठिकाणच्या फायली पुसण्याचा अधिकार असलेले एकच काम सर्व्हरवर चालत असे, ते म्हणजे मी लिहिलेली एक बॅश स्क्रिप्ट (बॅश या शेलने, म्हणजे आज्ञा वाचून त्या चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, चालवायच्या आज्ञांची फाइल), आणि तिच्यात मी आदल्याच दिवशी एक बदल केला होता.

बदल अवघ्या काही ओळींचा होता आणि त्यात फाइल किंवा डिरेक्टरी पुसणारी एकही आज्ञा नव्हती. तरीही दोष त्या बदलानेच उघड झाला. ‘अनसेट’ या आज्ञेने व्हेरिएबल, म्हणजे मूल्य साठवणारे नाव, काढून टाकणे म्हणजे काय आणि ते कोणत्या स्कोपमध्ये, म्हणजे त्या नावाच्या कोणत्या कक्षेत, घडते, याविषयी माझ्या मनात अनेक वर्षे जी समजूत होती, ती अपुरी असल्याचे या प्रकरणाने दाखवून दिले. शेल स्क्रिप्ट लिहिणाऱ्या अनेकांची तीच समजूत असते असे मला वाटते, म्हणून त्या चुकीचा माग कसा लागला आणि ती कशी दुरुस्त केली हे सविस्तर लिहीत आहे. मूळ स्क्रिप्टमधील नावे इथे मराठी करून घेतली आहेत.

स्क्रिप्टची रचना

पाठवणारी मशीने दिवसभर आपल्या नोंदींच्या फायली सर्व्हरवरील एका डिरेक्टरीत आणून ठेवत; तिला आपण ‘आवक’ म्हणू. रात्री स्क्रिप्ट त्या फायलींची यादी घेऊन त्या एका तात्पुरत्या डिरेक्टरीत उतरवून घेई, त्यांची एक संकुचित गठडी बांधून ‘कोठार’ या कायमस्वरूपी डिरेक्टरीत ठेवी, ती गठडी नीट उघडते की नाही हे तपासून पाही आणि शेवटी तात्पुरती डिरेक्टरी पुसून टाकी. ‘आवक’मधील मूळ फायली सात दिवस तशाच राहाव्यात, असा नियम होता. त्यांना या स्क्रिप्टने हात लावायचाच नव्हता.

स्क्रिप्टच्या अगदी वरच्या भागात, कोणत्याही फंक्शनच्या (नाव देऊन एकत्र बांधलेल्या आज्ञांच्या) बाहेर, ‘जागा’ नावाचे एक व्हेरिएबल होते आणि त्यात ‘आवक’चा मार्ग ठेवलेला होता. ती स्क्रिप्टमधील सर्वांत जुन्या ओळींपैकी एक होती. पुढे स्क्रिप्ट वाढली, तेव्हा मुख्य काम ‘बांधणी’ नावाच्या फंक्शनमध्ये गेले. या फंक्शनला फायलींची यादी बाहेरून मिळत असे, त्यामुळे आत ‘आवक’च्या मार्गाची गरज उरली नव्हती. ‘जागा’ हे नाव तिथे मोकळे आहे असे समजून मी तेच नाव ‘लोकल’ या शब्दाने फंक्शनपुरते घोषित केले आणि त्यात तात्पुरत्या डिरेक्टरीचा मार्ग ठेवला. लोकल व्हेरिएबल जागतिक, म्हणजे फंक्शनांबाहेरच्या, व्हेरिएबलला झाकते आणि फंक्शन संपताच नाहीसे होते, हे ठाऊक असल्यामुळे यात काही धोका असेल असे वाटले नाही. फंक्शनची शेवटची ओळ ‘जागा’मध्ये जो मार्ग असेल ती डिरेक्टरी आतल्या सगळ्यासकट पुसणारी होती.

तिसरा भाग एका सामायिक लायब्ररीत होता. ‘पडताळणी’ हे तिथले फंक्शन गठडीचे नाव घेई आणि ती उघडून आत किती फायली आहेत हे मोजून सांगे. गठडी ज्या डिरेक्टरीत आहे तिचा मार्ग ते आपल्या सोयीसाठी एका व्हेरिएबलमध्ये ठेवत असे, आणि त्या व्हेरिएबलचे नावही ‘जागा’च होते. इथे ‘लोकल’ लिहिलेले नव्हते. त्याऐवजी फंक्शनच्या शेवटी ‘अनसेट’ ही आज्ञा देऊन ‘जागा’ काढून टाकले होते, जेणेकरून आपल्या मागे काही उरू नये. हेतू चांगलाच होता. ज्या काळी ते फंक्शन लिहिले गेले त्या काळी ते स्वतंत्र स्क्रिप्टमधून चालत असे आणि त्या संदर्भात ही साफसफाई पुरेशी होती.

आदल्या दिवशीचा माझा बदल या ‘पडताळणी’ला हाक मारण्याच्या पद्धतीत होता. पूर्वी ‘बांधणी’ त्या फंक्शनने छापलेला आकडा डॉलर आणि कंसांच्या रचनेतून, म्हणजे कमांड सब्स्टिट्यूशनने, उचलून घेत असे. आता फायलींच्या संख्येबरोबर त्यांचा एकूण आकारही हवा होता. छापलेल्या मजकुरातून दोन आकडे वेगळे करण्यापेक्षा फंक्शनने ते दोन ठरावीक व्हेरिएबलांत ठेवावेत आणि ‘बांधणी’ने फंक्शनला थेट हाक मारावी, असे मी ठरवले. चाचणी घेतली, दोन्ही आकडे बरोबर आले, गठडी बरोबर बांधली गेली. रात्री स्क्रिप्ट नेहमीच्या वेळेला चालली.

पहिला संशय आणि तो का टिकला नाही

शेल स्क्रिप्टने नको ते पुसले म्हटले की पहिला संशय रिकाम्या व्हेरिएबलवर जातो, आणि ते योग्यच आहे. मार्गाचे व्हेरिएबल रिकामे असेल आणि त्यापुढे तिरकी रेघ व तारांकन असेल, तर पुसण्याची आज्ञा थेट मूळ डिरेक्टरीपासून कामाला लागते. मीही तिथूनच सुरुवात केली. तात्पुरती डिरेक्टरी बनवणारी आज्ञा अयशस्वी झाली असती, तर ‘जागा’ रिकामे राहण्याची शक्यता खरोखरच होती. मी घोषणा आणि मूल्य देणे एकाच ओळीत केले होते, आणि अशा ओळीचा निकाल ‘लोकल’ या आज्ञेचा धरला जातो, तिच्या उजवीकडे चाललेल्या आज्ञेचा धरला जात नाही. म्हणजे डिरेक्टरी बनली नसती तरी ओळ यशस्वी ठरली असती आणि चूक होताच थांबवणारा ‘सेट -ई’ हा पर्याय गप्प राहिला असता.

पण या शक्यतेविरुद्ध दोन बंदोबस्त आधीच केलेले होते. स्क्रिप्टच्या आरंभी ‘सेट -यू’ होते, ज्यामुळे कधीच मूल्य न दिलेले किंवा काढून टाकलेले व्हेरिएबल वापरताच स्क्रिप्ट थांबते. शिवाय पुसण्याच्या ओळीत व्हेरिएबलच्या नावापुढे महिरपी कंसात अपूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह होते. ही रचना व्हेरिएबल अस्तित्वात नसेल किंवा रिकामे असेल तर आज्ञा चालवण्याआधीच स्क्रिप्ट बंद करते. त्या रात्री यांपैकी एकाही बंदोबस्ताने स्क्रिप्ट अडवली नव्हती. लॉगच्या शेवटी ‘काम पूर्ण’ अशी नोंद होती. याचा अर्थ पुसण्याच्या क्षणी ‘जागा’मध्ये काहीतरी मूल्य होते आणि ते चुकीचे होते. रिकामे नसलेले चुकीचे मूल्य ओळखण्याची कोणतीही सोय मी केलेली नव्हती.

मूल्य बदलले कुठे

स्क्रिप्टची एक प्रत वेगळ्या मशीनवर घेऊन मी पुसण्याची आज्ञा काढली, तिच्या जागी मार्ग छापणारी आज्ञा ठेवली आणि ‘सेट -एक्स’ लावून स्क्रिप्ट चालवली. या पर्यायाने शेल प्रत्येक आज्ञा तिच्यातील व्हेरिएबलांच्या जागी मूल्ये भरून, चालवण्याआधी दाखवते. शेवटच्या ओळीत ‘आवक’चा मार्ग छापला गेला. दोष पहिल्याच प्रयत्नात पुन्हा घडवता आला हे मोठेच भाग्य होते, कारण अधूनमधून दिसणारा दोष शोधणे फार कठीण असते.

मग ‘बांधणी’मध्ये ‘पडताळणी’ला हाक मारण्याच्या आधी आणि नंतर ‘डिक्लेअर -पी’ ही आज्ञा घालून ‘जागा’चे मूल्य पाहिले. आधी तात्पुरत्या डिरेक्टरीचा मार्ग होता. नंतर ‘आवक’चा. दोष ‘पडताळणी’मध्ये आहे हे ठरले, आणि ‘लोकल’ न लिहिता तेच नाव वापरल्यामुळे त्या फंक्शनने हाक मारणाऱ्याचे व्हेरिएबल बदलले असणार, असा निष्कर्ष मी तत्काळ काढला. तो निष्कर्ष अर्धाच बरोबर होता, आणि तो तिथेच सोडून मी दुरुस्तीला लागलो असतो तर काय झाले असते, ते पुढे सांगतो.

माझ्या शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने एक साधा प्रश्न विचारला: ‘पडताळणी’ ‘जागा’मध्ये गठडीच्या डिरेक्टरीचा मार्ग ठेवते, म्हणजे ‘कोठार’चा, मग नंतर दिसते ते ‘आवक’ का? हा प्रश्न सगळ्या प्रकरणाची किल्ली ठरला. तिथे तीन मार्ग होते: ‘बांधणी’ने ठेवलेला तात्पुरता मार्ग, ‘पडताळणी’ने ठेवलेला ‘कोठार’चा मार्ग आणि स्क्रिप्टच्या आरंभी ठेवलेला ‘आवक’चा मार्ग. ‘पडताळणी’च्या कोणत्याही ओळीत ‘आवक’चा उल्लेख नव्हता. ज्या मूल्याला त्या फंक्शनने स्पर्शही केला नव्हता, तेच मूल्य त्या फंक्शननंतर वर आले होते.

अखेर ‘पडताळणी’नंतर मी ‘लोकल’ ही आज्ञा कोणतेही नाव न देता चालवली. अशा वेळी ती चालू फंक्शनच्या सर्व लोकल व्हेरिएबलांची यादी छापते. त्या यादीत ‘जागा’ नव्हतेच. ‘बांधणी’चे स्वतःचे लोकल व्हेरिएबल तिच्या हयातीतच, दुसऱ्या फंक्शनने काढून टाकले होते.

नावाखालचे थर

बॅशमध्ये व्हेरिएबलचा स्कोप गतिशील असतो. एखादे नाव समोर आले की शेल ते आधी चालू फंक्शनच्या लोकल व्हेरिएबलांत शोधते. तिथे नसेल तर त्या फंक्शनला ज्याने हाक मारली त्याच्या लोकल व्हेरिएबलांत, मग त्यालाही ज्याने हाक मारली त्याच्या, असे करत करत सर्वांत शेवटी जागतिक पातळीवर पोहोचते. फंक्शन स्क्रिप्टमध्ये कुठे लिहिले आहे याला इथे महत्त्व नाही. ते कोणी बोलावले याला आहे. म्हणून एकच फंक्शन दोन ठिकाणांहून बोलावले तर त्यातील एकाच नावाचा अर्थ दोन वेळा वेगळा होऊ शकतो. पायथॉन किंवा जावास्क्रिप्ट यांची सवय असलेल्या वाचकाला हे विचित्र वाटेल, कारण तिथे नावाचा अर्थ मजकुरातील स्थानावरून ठरतो. पर्लमध्ये दोन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदतात: १९९४ सालच्या पर्ल ५ पासून ‘माय’ हा शब्द मजकुरानुसार ठरणारा स्कोप देतो, आणि तिथला ‘लोकल’ हा शब्द गतिशील स्कोप देतो. बॅशमधील ‘लोकल’चा अर्थही गतिशीलच आहे, आणि ‘लोकल’ म्हणजे ‘इतरांना न दिसणारे’ असा अर्थ मनात धरणारे आपण इथे फसतो. बॅशचे लोकल व्हेरिएबल खालच्या प्रत्येक फंक्शनला दिसते, आणि त्यातले कोणीही ते बदलू शकते.

इथपर्यंतचे मला माहीत होते. ‘अनसेट’ही हाच शोध करते आणि शोधात जे पहिले सापडेल तेवढेच काढते, याचा परिणाम मात्र मी कधी नीट तपासला नव्हता. ‘अनसेट’ म्हणजे नाव पुसणे, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात एका नावाखाली मूल्यांचे अनेक थर असू शकतात आणि ‘अनसेट’ त्यांतील सर्वांत वरचा एक थर काढते. त्याखाली दुसरा थर असेल तर तो उघडा पडतो. ‘पडताळणी’ने ‘जागा’मध्ये मूल्य ठेवले तेव्हा ते ‘बांधणी’च्या लोकल व्हेरिएबलात गेले, कारण शोधात तेच पहिले सापडले. नंतर ‘अनसेट’ने तेच लोकल व्हेरिएबल काढून टाकले, आणि इतका वेळ झाकलेले जागतिक ‘जागा’, ज्यात ‘आवक’चा मार्ग होता, ते वर आले. ‘बांधणी’च्या शेवटच्या ओळीने ते प्रामाणिकपणे वाचले आणि पुसण्याच्या आज्ञेला दिले.

या नियमाला एक अपवाद आहे, आणि माझी चुकीची समजूत इतकी वर्षे टिकली ती त्याच्यामुळेच. फंक्शनने स्वतःच घोषित केलेले लोकल व्हेरिएबल स्वतःच ‘अनसेट’ केले, तर खालचा थर वर येत नाही. ते नाव फंक्शन संपेपर्यंत मूल्यहीन राहते, आणि त्याच फंक्शनने त्याला पुन्हा मूल्य दिले तर ते पुन्हा लोकलच ठरते. छोट्या प्रयोगात आपण बहुधा हेच करून पाहतो: एकच फंक्शन, आत ‘लोकल’, मग ‘अनसेट’, मग छापणे. रिकामी ओळ छापली जाते आणि आपल्याला वाटते की ‘अनसेट’ने नाव पुसले. तेच ‘अनसेट’ आणखी एका फंक्शनमध्ये नेऊन हा प्रयोग केला की चित्र पालटते. बॅशच्या मार्गदर्शिकेत हे दोन्ही प्रकार स्पष्ट लिहिलेले आहेत. मी तो परिच्छेद पूर्वी वाचला होता. पण वाचताना त्यातील ‘झाकलेले व्हेरिएबल दिसू लागते’ या भागाला माझ्या कोणत्याही स्क्रिप्टशी जोडून पाहिले नव्हते.

आणखी एक परिणाम त्या दिवशी प्रयोग करताना लक्षात आला. ‘बांधणी’ने ‘पडताळणी’ला एकाच फेरीत दोनदा हाक मारली असती, तर पहिल्या हाकेने लोकल थर निघाला असता, आणि दुसऱ्या हाकेत ‘पडताळणी’ने ठेवलेले मूल्य थेट जागतिक ‘जागा’मध्ये जाऊन शेवटी तेही काढले गेले असते. मग मात्र पुसण्याच्या ओळीतील प्रश्नचिन्हाच्या रचनेने स्क्रिप्ट थांबवली असती आणि आमची डिरेक्टरी वाचली असती. म्हणजे एकदा घडलेली चूक निमूटपणे पार पडते आणि दोनदा घडलेली चूक पकडली जाते.

सबशेलचे आयते संरक्षण

हा दोष ‘पडताळणी’मध्ये आधीपासून होता, तर तो आधी का दिसला नाही? कारण कमांड सब्स्टिट्यूशनमधील आज्ञा सबशेलमध्ये, म्हणजे चालू शेलने काढलेल्या वेगळ्या शेलमध्ये, चालतात. सबशेलला मूळ शेलच्या सर्व व्हेरिएबलांची प्रत मिळते. त्या प्रतीत केलेले बदल, तिथे ठेवलेली मूल्ये आणि तिथे दिलेले ‘अनसेट’ हे सगळे सबशेलबरोबरच संपते. ‘पडताळणी’ इतके दिवस ‘जागा’चे मूल्य बदलतही होती आणि ते काढूनही टाकत होती, पण ते सगळे प्रतीवर घडत होते. मी हाक मारण्याची पद्धत बदलली आणि मला माहीतही नसलेली भिंत पाडली.

हाच गुणधर्म एरवी उलट बाजूने त्रास देतो, म्हणून शेल लिहिणारे त्याला अडचण समजतात. पाइपच्या उजव्या बाजूला ‘व्हाइल’चे आवर्तन लिहिले आणि आत मोजणी केली, तर आवर्तन संपल्यावर मोजणी शून्यच दिसते, कारण ते आवर्तन सबशेलमध्ये चाललेले असते. ही अडचण टाळण्यासाठी आपण रचना बदलत राहतो, आणि प्रत्येक वेळी सबशेल काढून टाकताना त्याच्या आत आजवर कोणत्या फंक्शनांचे बेशिस्त वर्तन झाकले गेले होते, हे तपासत नाही. २०२५ साली आलेल्या बॅश ५.३ मध्ये कमांड सब्स्टिट्यूशनचा एक नवा प्रकार आहे, ज्यात महिरपी कंसातील आज्ञा वेगळा सबशेल न काढता चालू शेलमध्येच चालतात. वेगासाठी तो उपयुक्त आहे. पण जुन्या स्क्रिप्टमधील गोल कंस महिरपी कंसांत बदलणाऱ्यांना नेमका माझा अनुभव येऊ शकतो, हे मला इथे आवर्जून नोंदवावेसे वाटते.

चाचणीत दोष का सुटला, याचेही उत्तर सरळ आहे आणि ते माझ्याच दुर्लक्षाकडे बोट दाखवते. चाचणीचे वातावरण प्रत्येक वेळी नव्याने उभे राही: नमुना फायली ‘आवक’मध्ये टाकल्या जात, स्क्रिप्ट चाले, ‘कोठार’मधील गठडी तपासली जाई आणि सगळे वातावरण मोडून टाकले जाई. ‘आवक’ नंतर शिल्लक आहे का, हे कोणी पाहत नव्हते. तात्पुरती डिरेक्टरी पुसली गेली का, हेही कोणी पाहत नव्हते; पाहिले असते तर ती तिथे तशीच पडलेली दिसली असती आणि तेवढ्यावरूनच पुसण्याची आज्ञा भलतीकडे गेल्याचे कळले असते. स्क्रिप्टने जे निर्माण करायचे ते तपासले गेले. तिने जिथे हात लावायचा नाही, ते तपासले गेले नाही.

सर्वांत सोपी दुरुस्ती कोणती झाली असती

आता त्या अर्ध्या निष्कर्षाकडे वळतो. ‘अनसेट’मुळे खालचा थर उघडा पडला हे समजल्यावर सर्वांत सोपी दुरुस्ती म्हणून ती एक ओळ काढून टाकावी, असे कोणालाही वाटेल. मलाही वाटले, आणि मी ती ओळ प्रतीमधून काढलीही. पुसण्याच्या जागी मार्ग छापणारी आज्ञा अजून तशीच होती, म्हणून काही बिघडले नाही; पण जो मार्ग छापला गेला तो पाहून माझा हात कीबोर्डवरून आपोआप मागे आला. तो ‘कोठार’चा मार्ग होता.

कारण उघड आहे. ‘अनसेट’ नसेल तर ‘पडताळणी’ने ‘बांधणी’च्या लोकल व्हेरिएबलात ठेवलेला ‘कोठार’चा मार्ग तसाच राहतो, आणि पुसण्याची आज्ञा सर्व जुन्या गठड्या असलेल्या त्या कायमस्वरूपी डिरेक्टरीवर चालते. ‘आवक’मधील बहुतेक फायली पाठवणाऱ्या मशीनांकडे किंवा ‘कोठार’मध्ये होत्या. ‘कोठार’मधील गठड्यांच्या प्रती होत्या, पण त्या आठवड्यातून एकदाच काढल्या जात. ज्या ओळीने त्या रात्री नुकसान केले, तीच ओळ त्याहून कितीतरी मोठे नुकसान अडवून उभी होती. खरा दोष ‘अनसेट’च्या आधी, ‘लोकल’ न लिहिता मूल्य देण्यात होता. ‘अनसेट’ने त्या दोषाचे रूप तेवढे बदलले. फंक्शनने जे नाव स्वतः घोषित केलेले नाही, ते पुसण्याचाही त्याला अधिकार नसतो, कारण आपण कोणाचे पुसत आहोत हे त्या फंक्शनला लिहिताना कळूच शकत नाही.

इतर भाषांत ‘अनसेट’सारख्या आज्ञेचा परिणाम वेगळा असतो, आणि एका भाषेतील सवय दुसरीत नेल्याने गोंधळ वाढतो. पीएचपीमध्ये फंक्शनच्या आत ‘ग्लोबल’ म्हणून आणलेले व्हेरिएबल ‘अनसेट’ केले, तर त्या फंक्शनपुरता त्याच्याशी असलेला दुवा तुटतो. बाहेरचे व्हेरिएबल आपल्या मूल्यासह शाबूत राहते. पायथॉनमध्ये फंक्शनच्या आत एखादे नाव ‘डेल’ने काढले, तर ते नाव त्या संपूर्ण फंक्शनसाठी लोकल ठरते, आणि नंतर ते वाचले तर बाहेरचे मूल्य मिळण्याऐवजी त्रुटी येते. या दोन्ही भाषांत आतल्या फंक्शनने काढलेल्या नावाची झळ हाक मारणाऱ्याला लागत नाही. बॅशमध्ये ती थेट त्याच्यापर्यंत पोहोचते.

केलेले बदल

पहिला बदल ‘पडताळणी’मध्ये: तिची सर्व अंतर्गत नावे फंक्शनच्या आरंभी ‘लोकल’ केली आणि शेवटचे ‘अनसेट’ काढले. लोकल व्हेरिएबल फंक्शनबरोबर आपोआप संपत असल्यामुळे तिथे ‘अनसेट’ची गरजच उरत नाही. दुसरा बदल जागतिक नावांचा. ‘जागा’ऐवजी स्पष्ट आणि लांब नाव घेतले, आणि मूल्य दिल्याबरोबर ते ‘रीडओन्ली’ केले. याचा मला वाटला होता त्याहून अधिक उपयोग झाला: बॅशमध्ये रीडओन्ली व्हेरिएबल ‘अनसेट’ तर करता येत नाहीच, शिवाय त्याच नावाचे लोकल व्हेरिएबल फंक्शनमध्ये घोषित करू गेल्यास तिथेच त्रुटी येते. ‘बांधणी’मध्ये मी जे झाकण घातले होते, ते ‘जागा’ रीडओन्ली असते तर मला घालताच आले नसते.

बॅश ५.० मध्ये, म्हणजे २०१९ साली, ‘लोकलव्हार_अनसेट’ नावाचा एक पर्याय आला. तो लावला की हाक मारणाऱ्याचे लोकल व्हेरिएबल खालच्या फंक्शनने काढले तरी झाकलेला थर वर येत नाही. ते नाव मूळ फंक्शन संपेपर्यंत मूल्यहीन दिसते. आमच्या बाबतीत त्याने पुसण्याच्या ओळीतील प्रश्नचिन्हाच्या रचनेला जागे केले असते. तरीही मी त्यावर विसंबलो नाही. ही स्क्रिप्ट ज्या मशीनांवर चालते त्यांतील एकावर अजून बॅश ४.४ आहे, आणि शिवाय हा पर्याय ‘लोकल’ न लिहिता मूल्य देण्याच्या मूळ दोषावर काहीच करत नाही.

पुसण्याच्या ओळीचा बंदोबस्त मात्र पूर्णपणे बदलला. मार्ग रिकामा नाही एवढे पाहणे पुरेसे नाही, हे कळल्यावर आता त्या ओळीआधी मार्गाची ओळख तपासली जाते: तो तात्पुरत्या डिरेक्टरींच्या मुळापासून सुरू होतो का, आणि त्याच्या नावाला या स्क्रिप्टने ठरवून दिलेला आरंभ आहे का. यांपैकी एक जरी नसेल तर काहीही न पुसता स्क्रिप्ट थांबते. तात्पुरती डिरेक्टरी बनवताना घोषणा आणि मूल्य देणे या दोन ओळी केल्या, म्हणजे अपयश झाकले जाणार नाही.

लायब्ररीसाठी एक नवी चाचणी लिहिली. ती प्रत्येक फंक्शनच्या आधी ‘डिक्लेअर -पी’ची संपूर्ण यादी जपून ठेवते, फंक्शनला थेट हाक मारते, पुन्हा यादी घेते आणि दोन्हींची तुलना करते. शेल स्वतः बदलत असलेली काही नावे वगळावी लागतात, जसे ओळ क्रमांक, यादृच्छिक संख्या आणि सेकंदांची मोजणी. ती वगळल्यावर जाहीर केलेल्या निकालाच्या नावांखेरीज एकही फरक दिसता कामा नये. पहिल्याच वेळी या चाचणीत आणखी दोन फंक्शने सापडली, ज्यांतील आवर्तनाचा गणक ‘लोकल’विना फिरत होता. त्यांनी अजून कोणाचे नुकसान केले नव्हते, कारण त्यांना अजूनही कमांड सब्स्टिट्यूशनमधूनच हाक मारली जात होती.

नुकसानाचा हिशेब असा. गठडीत गेलेल्या फायली सुरक्षित होत्या, आणि पोच न मिळालेल्या फायली मशीनांनी पुन्हा पाठवल्या. प्रश्न होता तो फायलींची यादी घेतल्यानंतर आणि डिरेक्टरी पुसली जाण्याआधी आलेल्या फायलींचा. त्यांची पोच गेली होती, म्हणून पाठवणाऱ्या मशीनांनी आपल्या प्रती काढून टाकल्या होत्या. अशा तीन फायली होत्या. दोन मूळ नोंदींवरून पुन्हा तयार करता आल्या. तिसरी मिळाली नाही.

स्क्रिप्टमध्ये आज एकच ‘अनसेट’ शिल्लक आहे. गठडी दुसऱ्या मशीनवर पाठवण्यासाठी लागणारा परवलीचा शब्द एका एक्स्पोर्ट केलेल्या व्हेरिएबलात येतो, आणि त्याचा वापर झाल्यावर पुढे सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमना तो वारशाने मिळू नये म्हणून ते व्हेरिएबल काढले जाते. ती ओळ कोणत्याही फंक्शनच्या आत नाही, त्यामुळे तिच्याखाली दुसरा थर असण्याची शक्यता नाही. ‘अनसेट’पुढे ‘-व्ही’ हा पर्याय लिहिलेला आहे, कारण पर्याय न देता दिलेली ही आज्ञा त्या नावाचे व्हेरिएबल न सापडल्यास त्याच नावाचे फंक्शन काढून टाकते. त्या ओळीच्या वर तिचे कारण सांगणारी दोन वाक्यांची टीप मी लिहून ठेवली आहे.